कशावरूनबाई

कॅज्युअल्टीत तोंडावर तिला सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'कशावरूनबाई'. नाव कुणी ठेवलं ते आता सांगता यायचं नाही, पण चिकटलं ते असं की दुसऱ्या इमारतीतले लोक तिला त्याच नावाने ओळखू लागले. कारण साधं होतं. एखादा डॉक्टर म्हणाला, "मॅडम, अशा पेशंटला हे इंजेक्शन द्यायचं असतं," की ती केसपेपरवरची मान वर न करता विचारायची, "कशावरून?"

"म्हणजे... देतातच ना सगळे."

"मांजर आडवं गेलं की थांबतातही सगळे. त्याने अपघात कमी झालेत का कुठे?"

आवाजात चीड नसायची. तिला खरोखरच उत्तर हवं असायचं, आणि लोकांना झोंबायचं ते हेच. चिडक्या माणसाला निदान मागून नावं ठेवता येतात. हिला उत्तर शोधून द्यावं लागायचं.

ही सवय तिला घरातून लागली असावी. तिच्या थोरल्या भावाचं चष्म्याचं दुकान होतं. भिंगं घासून बसवणारा तो जुना माणूस. गिऱ्हाईक नवा चष्मा लावून "वा, छान दिसतंय" म्हणालं की दादा समोर बारीक अक्षरांचा कागद धरायचा. "छान दिसतंय असं म्हणू नका, वाचून दाखवा." लहानपणी ती दुकानातल्या उंच स्टुलावर बसून हे रोज ऐकायची. पुढे ती डॉक्टर झाली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि पंचविशी-तिशीतली सगळी वर्षं त्या कॅज्युअल्टीच्या पिवळट फरशीवर उभी राहून काढल्यावर विभागाची प्रमुख झाली.

प्रमुख झाल्यावर तिने एक नवीनच खूळ काढलं. दर बुधवारी दुपारी, गर्दी ओसरली की, प्लास्टरच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं, चहा घ्यायचा आणि नुकताच छापून आलेला एक अभ्यास वाचायचा. प्लास्टरचीच खोली, कारण दुसरी मोकळी नव्हती. खुर्च्यांवर पांढरी भुकटी असायची आणि उठताना प्रत्येकाच्या मागच्या बाजूला तिचा ठसा उमटायचा. बुधवारी कोण आलं होतं आणि कोणी दांडी मारली, हे पाठमोरं पाहून कळायचं.

पहिले काही महिने लोक आले ते बिस्किटांसाठी. मग एकदा हृदयाच्या धडधडीवरचा एक अभ्यास वाचला. काही माणसांचं हृदय अचानक उधळतं, घोडं उधळावं तसं. अशा वेळी रुग्णाला श्वास कोंडून जोर करायला सांगायची युक्ती जुनीच होती, पण ती फारशी चालायची नाही. नव्या अभ्यासातला बदल अगदी किरकोळ होता. बसवून सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावायचं, आणि फुंकून झाल्या झाल्या माणसाला झटकन आडवं करून पाय वर उचलून धरायचे. एवढ्यानेच गुण येणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं होतं.

"हे म्हणजे सर्कस झाली," मेडिसिनचे थोरले डॉक्टर म्हणाले. ते वयाने, हुद्द्याने आणि पोटाच्या घेरानेही थोरले होते, आणि बुधवारी येत ते मुख्यतः हरकत घ्यायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गाण्याच्या क्लासमधून एक बाई आल्या. हात छातीवर, चेहरा घामाने डबडबलेला, मॉनिटरवर उधळलेलं हृदय. सिस्टरने सिरिंज हातात दिली. बाई गाणाऱ्या, दमसास उत्तम. त्यांनी फुंकलं ते असं की गाल टम्म फुगले. दोघांनी त्यांना झटकन आडवं केलं, मोठ्या सिस्टरने पाय उचलले, आणि मॉनिटरवरची रेघ एकदा अडखळून शहाण्यासारखी चालू लागली. थोरले डॉक्टर दारातच उभे होते. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला," एवढंच म्हणून ते गेले. पण पुढच्या बुधवारी ते वेळेवर आले.

नवीन काही सुरू करायचं तर लोक तयार होतात, हे तिला तेव्हा कळलं. जुनं काही बंद करायचं म्हटलं की खरी गाठ पडते, हे पुढे कळायचं होतं.

ती गाठ पडली ऑक्सिजनवरून. छातीत कळ आलेला माणूस आला की आधी त्याच्या तोंडावर मास्क चढवायचा, ही रीत शंभर वर्षांहून जुनी. हृदयाला प्राणवायू कमी पडतोय तर प्राणवायू द्या; शाळकरी पोरालाही पटावं असं. पण एका मोठ्या अभ्यासात काही हजार रुग्ण घेतले होते, सगळे असे की ज्यांच्या रक्तात प्राणवायू आधीच पुरेसा होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. निम्म्यांना मास्क, निम्म्यांना नुसती खोलीतली हवा. वर्षभराने पाहिलं तर दोन्ही गटांत दगावलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच. त्याआधीच्या एका लहान अभ्यासात तर मास्क लावलेल्यांच्या हृदयाला इजा थोडी जास्तच झाल्याची शंका होती.

"म्हणजे आपण इतकी वर्षं काय करत होतो?" मोठ्या सिस्टरने विचारलं. ती या विभागात कशावरूनबाईच्याही आधीपासून होती.

"नातेवाइकांचं समाधान," ती म्हणाली.

नियम ठरला. बोटाला चिमटा लावायचा, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा पाहायचा. कमी असेल तर ऑक्सिजन, पुरेसा असेल तर नाही. कागदावर सोपं होतं. पण लोक दारातून आत आले की आधी मास्कच शोधत. "अहो, तुम्ही काहीच कसं लावलं नाही?" "सिलिंडर संपलेत का?" एकाने तर खिशात हात घालून विचारलं, "किती द्यावे लागतील?" ती प्रत्येकाला समजावून सांगायची, तेच वाक्य, त्याच सुरात. निम्म्यांना पटायचं. उरलेल्यांच्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी. तरी ती मागे हटली नाही, आणि वर्षाभरात ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

अशात एका सकाळी वहिनी दादाला घेऊन रिक्षातून उतरली.

दादा स्वतःच्या पायाने चालत आला, पण चेहऱ्यावर ओल्या भिंतीचा रंग होता. आदल्या संध्याकाळपासून छातीत जळजळत होतं. पित्त असेल म्हणून त्याने गोळी घेतली, दुकान बंद केलं, रात्र उशीला टेकून बसून काढली आणि बायकोला सांगितलं पहाटे. आपलं माणूस असेल तर हात दुसऱ्याचा असावा, हा नियम कॅज्युअल्टीत तिनेच घातला होता. पण दुसरा डॉक्टर पलीकडच्या टेबलावर डोकं फुटलेल्या मजुराच्या रक्तात मनगटापर्यंत होता. तिने भावाचा शर्ट स्वतःच सोडवला.

ईसीजीचा कागद बाहेर येऊ लागला तेव्हाच तिला दिसलं. मोठा झटका, आणि उशीर झालेला. तिने चघळायला गोळी दिली, सलाईनची सुई घातली, वरच्या मजल्यावर फोन करून रक्तवाहिनी उघडायची तयारी करायला सांगितलं. बोटाच्या चिमट्यावर आकडा होता सत्त्याण्णव.

"छोटे," दादा म्हणाला, "कोंडल्यासारखं होतंय गं. ते नाकाला लावतात ना तुमच्यात, ते लाव की."

"गरज नाही दादा. तुझ्या रक्तात भरपूर आहे. त्याने काही फरक पडत नाही."

"बरं," दादा म्हणाला. बहीण म्हणते म्हणजे असेल. त्याने डोळे मिटले आणि खाटेची कड घट्ट धरली. वहिनी पायांशी उभी होती, तिने हे सगळं ऐकलं. तेवढ्यात वरून माणसं आली आणि स्ट्रेचर लिफ्टकडे गेली.

रक्तवाहिनी उघडली, कळ थांबली. दुसऱ्या दिवशी दादाने आयसीयूतल्या नर्सला तिच्या चष्म्याची दांडी वाकडी आहे म्हणून सांगितलं आणि सरळ करून दिली. त्याच दुपारी तो गेला. उशिरामुळे हृदयाच्या भिंतीचा एक तुकडा आधीच मेला होता, तो फाटला. असं थोड्यांच्या बाबतीत होतं, पण ज्यांच्या बाबतीत होतं त्यांच्यासाठी फारसं काही करता येत नाही. आयसीयूच्या डॉक्टरांनी तिला हे हळू आवाजात सांगितलं. त्यातला शब्दन् शब्द तिला ठाऊक होता, तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं होतं तेव्हाची गोष्ट. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं. समोरून कुणी तरी म्हणालं, "घरातच डॉक्टर, पण वेळ आली की कुणाचं चालत नाही."

"डॉक्टर होती ना," वहिनी म्हणाली. आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा इतकाच. ती गणिताची निवृत्त शिक्षिका. "त्यांनी ऑक्सिजन मागितला. तिने नाही लावला. गरज नाही म्हणाली."

कशावरूनबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला सगळं सांगता आलं असतं, अभ्यास, गट, वर्षभराचे आकडे. ती स्वयंपाकघरात गेली, तांब्या ओट्यावर ठेवला आणि मागच्या दाराने आपल्या घरी गेली.

ती कामावर आली त्या दिवशी थोरल्या डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला आणि, आश्चर्य म्हणजे, कसलीही हरकत घेतली नाही. पण काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की छातीत दुखणाऱ्यांच्या तोंडावर पुन्हा मास्क दिसू लागलेत. आकडा चांगला असला तरीही. नियम कुणी बदलला नव्हता. तो नुसता गळून पडला होता. मोठ्या सिस्टरनेच सुरुवात केली असावी, आणि ती दयेपोटी. मॅडमना रोज रोज ती रिकामी नाकं बघावी लागू नयेत म्हणून.

तिने पाहिलं आणि मास्क तसेच राहू दिले. बुधवारची बैठकही झाली नाही. संध्याकाळी घरी तिने तो अभ्यास पुन्हा काढून वाचला. आपल्याकडून काही वाचायचं राहिलं होतं का ते शोधायला. राहिलं नव्हतं. तिला कुठे तरी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. चुकीची माफी तरी मागता येते.

मग एक दिवस वहिनीचा फोन आला. किती तरी दिवसांनी.

"तो कागद आहे ना, ज्यावरून तुम्ही ऑक्सिजन बंद केलात. तो मला आणून दे."

"वहिनी, तो इंग्रजीत आहे, आणि त्यातले आकडे..."

"मी जन्मभर आकडेच शिकवलेत. आणून दे."

तिने नेऊन दिला. वहिनीने दार उघडून कागद घेतला, आत ये म्हणाली नाही. पुढच्या रविवारी मात्र स्वतःच बोलावलं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले, समासात पेन्सिलीच्या खुणा, बाजूला शब्दकोश. दादाची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर कपड्यांच्या घड्या होत्या.

"बस," वहिनी म्हणाली. "अभ्यास चांगला आहे. गट नीट पाडलेत. माणसं पुरेशी घेतलीत. मला वाटलं होतं, काही तरी गफलत सापडेल."

"मलाही," ती म्हणाली.

वहिनीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तू पण शोधत होतीस?"

"हो."

मग वहिनी म्हणाली, "ते ऑक्सिजन लावूनही वाचले नसते. हे मला आता कळलंय. त्या दिवशी माणसांत मी बोलले, ते बोलायला नको होतं. पण एक विचारते. खरं सांग, डॉक्टरसारखं."

"विचारा."

"लावला असता तर नुकसान झालं असतं?"

ती विचारात पडली. "बहुधा नाही. छोट्या अभ्यासात शंका होती, मोठ्यात तसं दिसलं नाही."

"फायदा नाही, नुकसानही नाही. मग माणूस मागत होता तर का नाही द्यायचा?"

"वहिनी, एकाला दिला की सगळ्यांना द्यावा लागतो. मग नियम राहत नाही. आणि लक्ष मास्ककडे जातं, जे खरं करायचं त्याला उशीर होतो."

"ते झालं नियमाचं. यांना प्राणवायूच हवा होता असं कुठे होतं? कोंडतंय म्हणाले होते. तू उत्तर दिलंस रक्ताचं." वहिनीने कागदांच्या कडा जुळवल्या. "या सगळ्यात, किती मेले ते मोजलंय. कोंडल्यासारखं किती जणांना वाटत होतं, आणि ते कमी झालं का, याला त्यांनी अशी किती जागा दिलीय? मी दोनदा वाचलं. फारसं काही सापडलं नाही."

कशावरूनबाईला आठवत होती ती खाटेची कड आणि तिच्यावरची भावाची बोटं. ती त्या वेळी मॉनिटरकडे बघत होती. दादा गेल्यानंतर आज पहिल्यांदा ती वहिनीसमोर रडली. वहिनीने तिला रडू दिलं, मग उठून चहा टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, "साखर अजून तेवढीच घेतेस ना?"

पुढचा बुधवार भरला. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मास्क पुन्हा लागायला लागलेत. मी बघत होते. माझ्यासाठी लावत असाल तर काढा." मोठ्या सिस्टरने मान खाली घातली. "आकडा चांगला असेल तर ऑक्सिजन नाही, हे कायम. पण पेशंट कोंडतंय म्हणाला, तर 'गरज नाही' हे उत्तर चालणार नाही. खाटेची उशाकडची बाजू उंच करा. गर्दी बाजूला काढा. एक जण उशाशी थांबा, हातात हात द्या. दुखणं थांबवायचं औषध वेळेवर द्या. आणि हा."

तिने पिशवीतून एक छोटा टेबलफॅन काढला.

"हा कशाला?" थोरल्या डॉक्टरांनी विचारलं.

"तोंडावर वारा आला की घुसमट कमी वाटते, असं दिसलंय. पण ते फुप्फुसाच्या जुनाट पेशंटांत. हृदयाच्या झटक्यात कुणी पाहिलेलं मला सापडलं नाही. तेव्हा हे पुराव्याने नाही, माझ्या मनाने आहे. कुणी विचारलं तर तसंच सांगा."

थोरल्या डॉक्टरांनी पंखा उचलून उलटासुलटा पाहिला. हरकत घ्यायला याहून चांगली संधी त्यांना आयुष्यात मिळाली नसती. "वायर आखूड आहे," ते म्हणाले. "उशापर्यंत पोचायची नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरून जोडवायर आणली.

पंख्याने फार काही चमत्कार झाला नाही. काहींना बरं वाटलं, एका आजोबांनी "थंडी वाजतेय, ते गुरगुरणं बंद करा" म्हणून फर्मावलं. पण उशाशी माणूस थांबू लागला, हे खरं. नातेवाइकांची भांडणंही कमी झाली, का ते कुणी मोजलं नाही. मोठ्या सिस्टरचं मत असं की पंखा फिरताना दिसतो, म्हणून.

वहिनी आणि ती पुन्हा रविवारी एकत्र जेवू लागल्या. दुकान विकलं गेलं. ऑक्सिजनचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. मात्र एकदा जेवताना कशावरूनबाई सहज म्हणाली की तिच्या विभागातल्या डॉक्टरांना सगळं वाचता येतं, पण 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही एकच गोष्ट आहे असं निम्म्यांना वाटतं.

"एकच?" वहिनीचा घास हातातच राहिला. "दहावीला बसवणार नाही मी असल्यांना."

"मग या की शिकवायला."

वहिनी खरंच आली. बुधवारी, इस्त्रीची साडी नेसून, पिशवीत स्वतःचा खडू घेऊन. प्लास्टरच्या खोलीत फळा नव्हता, तर एक्स-रे लावायच्या पेटीशेजारच्या गडद रंगाच्या कपाटाच्या दारावर तिने लिहायला घेतलं. थोरले डॉक्टर पहिल्या रांगेत बसले आणि दोनदा बोलायला गेले. दोन्ही वेळा तिने "हात वर करून" म्हटलं. ती तिसरी ओळ लिहीत होती तेव्हा बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा थांबला, कुणी तरी हाक मारली, आणि क्षणात खोली रिकामी झाली. कशावरूनबाई सगळ्यात आधी पळाली.

वहिनी खडू हातात धरून उभी राहिली. दारापलीकडून चाकांचा खडखडाट आणि तुटक आवाज येत होते. तिने एक खुर्ची पदराने पुसली, बसली, परत उठून कपाटावरचं एक चिन्ह दुरुस्त केलं. बऱ्याच वेळाने एकेक जण हात पुसत परत येऊ लागला. आलेल्यांत तिची नणंदही होती, कपाळावर घाम होता.

"वाचला?" वहिनीने विचारलं.

"आत्तापुरता."

"बरं. बसा सगळे," वहिनी म्हणाली, आणि फळ्याकडे, म्हणजे कपाटाकडे, वळली.